खडूची चव

शाळेचे गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात कापड बेतायचं काम ढब्बूताईकडे होतं. हे नाव तिला शिलाईवाल्या बायकांनी ठेवलेलं, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, हेही त्यांनीच ठरवून टाकलेलं. जाड बाईला रुसायची सोय नसते. जिना चढून आली की ढब्बूताई टेबल धरून उभी राहायची. छाती धपापायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची.

"जरा तोंडावर ताबा ठेव गं," मालकीणबाई म्हणायच्या.

ताबा नव्हता हे खरंच होतं. फक्त ती खात होती खडू. कापडावर खुणा करायचा, चपटा, पांढरा. आधी नुसता त्याचा मातकट वास आवडायचा. मग एकदा तुकडा जिभेवर ठेवला आणि जीव असा काही निवला की विचारू नका. आता रोजची एक वडी फस्त व्हायची. आपल्याला वेड लागत चाललंय अशी तिची खात्रीच पटली होती.

घरी लेक होती. गुणी पोर, आईवर जीव टाकणारी. आईचं वजन उतरावं म्हणून तिने आईचं ताट निम्म्यावर आणलं होतं आणि सोबत म्हणून स्वतःही अर्धपोटीच उठायची. एका संध्याकाळी तिला आईच्या ओठांच्या कडेला पांढरी भुकटी दिसली. पिठीसाखर! पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरने आधी वजनकाट्यावर उभं केलं. काटा बोलल्यावर बाईचं ऐकतो कोण? तरी त्याने विचारलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"मधल्या वेळेत काही खाता का? लाजू नका."

एका शब्दाचं काम होतं. तो ऐकला असता तर त्याने हातातलं पेन खाली ठेवलं असतं, पापणी ओढून पाहिली असती, रक्त तपासायला लावलं असतं, कलेजी-पालेभाजी खायला सांगितली असती. माती नि खडू खावासा वाटतो तो बहुतेकदा शरीरातलं लोह आटलं म्हणून. आणि जाड अंगाला बाकी सगळं लागतं, लोहच तेवढं नीट लागत नाही. पण हे ढब्बूताईला कोण सांगणार? तिला एवढंच कळत होतं की शेजारी लेक बसली आहे, आणि वेडी आई असण्यापेक्षा खादाड आई परवडली.

"गोड खाते," ती म्हणाली. "बिस्किटं. लपूनछपून."

"वाटलंच," डॉक्टर म्हणाला आणि काय काय बंद करायचं ते सांगू लागला.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना लेकीने तिचा हात घट्ट धरला. "बरं झालं आई, खरं बोललीस. मी रागावले नाही हं." मग ती मध्येच थांबली, कठड्याला टेकली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मलाही हल्ली दम लागतो बघ," ती हसून म्हणाली. "तुझ्यावरच गेलेय ना. आता रविवारची कलेजीही बंद. तुझी आणि माझीही."

आत्ता सांगून टाकावं, असं ढब्बूताईला आतून फार वाटलं.

"बरं," ती म्हणाली.