जावयाची हाक
जर्मनांशी लढणाऱ्या इंग्रजांची ओझी वाहायला शिपाई माणसं पकडून नेत, म्हणून आफ्रिकेतल्या आमच्या चेवा जमातीच्या गावातले पुरुष रानात लपले होते. नेलेला एकही परतला नव्हता.

त्या सकाळी माझी लेक तिसाये बाळंत झाली आणि रीतीप्रमाणे मी अंगणात येऊन आनंदाची ललकारी दिली. जळो माझी जीभ! ती ऐकून जावई चिकोपा धावत आला. कुंपणाआड दबा धरलेल्या शिपायांनी त्याच्या गळ्यात दोर अडकवला.

"बरं बोलावलंस, म्हातारे!" एक शिपाई हसला.

आमच्यात जावई सासूशी बोलत नाही, सासूही त्याला तोंड दाखवत नाही. तरी ओढून नेताना चिकोपा ओरडला, "आई, मुलगा की मुलगी?"

आणि मी, मेली, सवयीनं तोंड झाकून पाठ फिरवली.

वळून "मुलगी!" म्हणाले, तेव्हा वाट रिकामी होती.