स्थानिकांना सूट

कुसगावात जानूआबांचे भाड्याने द्यायचे पाच बंगले आहेत आणि एक ऑफिस. बंगल्यांना पोहायचे तलाव, ऑफिसाला गळकं छप्पर. शनिवार-रविवारी शहरातली माणसं येऊन नाचून-ओरडून जातात, त्यांचं सगळं बुकिंग या ऑफिसातून चालतं आणि ते चालवते श्रद्धा. काम मॅनेजरचं, बोलणी मॅनेजरची, पगार मात्र क्लार्कचा. तळेगावहून रोज येऊन-जाऊन ती हे करत होती, कारण मॅनेजरची खुर्ची रिकामी होती आणि ती आपल्याला मिळावी असं तिला मनापासून वाटत होतं.

खुर्ची रिकामी का झाली तेही ऐका. मागच्या पावसाळ्यात आबांना एक मेल आली, तुम्हाला परदेशवारीचं बक्षीस लागलंय म्हणून. आबांनी ती उघडली. झालं! सगळ्या कॉम्प्युटरांना आतून कुलूप लागलं, बुकिंग गायब, आणि त्या शनिवारी एकाच बंगल्याच्या दारात तीन कुटुंबं पोराबाळांसकट उभी राहिली. आबांनी न्याय दिला, मॅनेजरला घरी पाठवा. ऑफिसात काही झालं तर जबाबदार मॅनेजर, हा त्यांचा कायदा. मेल कुणी उघडली, हे विचारायची छाती कुणाची नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

तर आता पुण्यातली एक मोठी कंपनी आपली माणसं वर्षभर बैठकांसाठी इथं पाठवायला तयार झाली होती. पण त्यांच्या माणसांची ओळखपत्रं या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येणार, म्हणून त्यांनी अट घातली की आमचा माणूस येऊन तुमची सुरक्षा तपासेल, पास झालात तरच करार. आबांनी श्रद्धाला शब्द दिला, करार झाला की मॅनेजर तू. श्रद्धाने हे फक्त आईला सांगितलं. आईने फक्त सोसायटीला सांगितलं.

मग फायरवॉल आली. बसवायला पुण्याहून गौरव नावाचा इंजिनियर आला. पोळपाटाएवढी चपटी पेटी, चार दिवे आणि मागे वायरी. आबांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि एवढ्या पैशांत म्हैस आली असती, तिनं दूध तरी दिलं असतं, असं मत दिलं. तरी रीत ती रीत. नारळ फुटला, पेटीला हळदकुंकू लागलं, आणि आबांची सून रुपाली पेटीवर नारळाचं पाणी शिंपडणार तेवढ्यात गौरवने मध्ये हात घातला, म्हणून पेटी वाचली.

गौरवने समजावलं, ऑफिसात येणारं-जाणारं सगळं इंटरनेट आता या पेटीतून जाईल, पेटी प्रत्येकाला थांबवून तपासेल, धोक्याचं दिसलं की परतवून लावेल.

"म्हंजी टोलनाकाच की," आबा म्हणाले. "मंग स्थानिकांचं काय?"

गौरव बिचारा शहरातला, त्याला प्रश्नच कळला नाही. मावळात जन्मलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नाक्यावर काच खाली करायची, कोपर बाहेर काढायचं, "लोकल" एवढंच म्हणायचं, की दांडा वर. पैशाचा प्रश्न नसतो हो, मानाचा असतो. आपल्याच गावात आपल्याला कुणी थांबवून तपासलं तर नाकच कापलं गेलं की!

फायरवॉलमध्ये स्थानिक असं काही नसतं, गौरव म्हणाला. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने एक यादी तयार केली आणि तिला नाव दिलं 'स्थानिक'. या यादीतल्यांना पेटी बघतसुद्धा नाही, सरळ सोडते. आबांना मेल उघडायचा किती नाद, हे श्रद्धाइतकं कुणाला ठाऊक? तिने आबांना परोपरीने सांगून पाहिलं, की तुमचं तरी नाव नको. पण पेटीने आबांची कॉम्प्युटरवर बघायची बैलगाडा शर्यत अडवली होती. शर्यत अडवणारी वस्तू आबा घरात ठेवून घेत नाहीत.

आबांचं नाव यादीत गेलं आणि रस्ता मोकळा झाला. रुपालीच्या साड्यांच्या साइट्स बंद पडल्या, तिने दोन दिवस कुणाला चहा विचारला नाही. ती स्थानिक झाली. आबांचा पुतण्या आकाश बंगल्यांच्या जाहिरातीचे व्हिडिओ करायचा, म्हणजे गॉगल लावून तलावाकाठी स्वतःच उभा राहायचा. व्हिडिओ चढेनात, तो रुसला, स्थानिक झाला. शेजारच्या चिक्कीच्या दुकानातला पप्पू इतकी वर्षं याच ऑफिसच्या वायफायवर सिनेमे बघत होता, तो चिक्कीचा डबा घेऊन आला आणि शेजारधर्म बुडाला म्हणाला. श्रद्धाने हात जोडले, अहो, तो तर ऑफिसातला माणूसही नाही!

"आगं, त्याची आन् आपली भिंत एक हाय," आबा म्हणाले. "घाल."

नाव घालायचं काम गौरवने तिलाच शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे प्रत्येक भोक तिला स्वतःच्याच हाताने पाडावं लागलं. चिडून तिने एक केलं, स्वतःचं नाव काही यादीत घातलं नाही. या ऑफिसात एक तरी माणूस नियमात राहू दे, असं तिने मनाशी ठरवलं. तपासणीच्या दिवसापर्यंत पेटीला राखण करायला एकटी श्रद्धाच उरली होती.

तपासायला काशीद नावाचे साहेब आले. कडक इस्त्री, चेहऱ्यावर हसू नाही. साहेब म्हणाले, कागद मी बघत नाही, आत शिरून बघतो. त्यांनी आपला लॅपटॉप ऑफिसच्या नेटला जोडला आणि काय काय करून पाहिलं. पेटीने सगळं अडवलं. नाक्यावर परगावची गाडी आली होती ना, एकदाची! मग साहेबांनी ऑफिसातला एक कॉम्प्युटर मागितला आणि नेमके श्रद्धाच्या खुर्चीत बसले. तिथेही त्यांना कुठे वाव मिळाला नाही. साहेबांच्या भुवया वर गेल्या. इतकी ऑफिसं पाहिली, पण इतकी शिस्त कुठे पाहिली नाही, असं ते म्हणाले.

खरं सांगून टाकावं, असं श्रद्धाच्या अगदी ओठांवर आलं. तिला आई आठवली, सोसायटी आठवली, ती रिकामी खुर्ची आठवली. तिने ते गिळलं, आणि स्वतःची लाज वाटून, खाली बघतच, चहा सांगितला.

चहा आला. आबांनी गाव विचारलं. साहेब म्हणाले, इंदुरी. आबांची मावशी इंदुरीलाच दिलेली! दोन घोटांत साहेबांचे आजोबा निघाले, तीन घोटांत त्यांच्या चुलत्याची बैलजोडी निघाली, आणि ती जोडी आज, या घटकेला, शर्यतीत पळायची होती. साहेबांची इस्त्री जरा मोडली. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"मीपण तसा इथलाच," ते हळूच म्हणाले. "जरा सोडता येईल का?"

"श्रद्धा," आबा म्हणाले, "पाव्हण्यांना स्थानिकात घाल."

तिने घातलं. शर्यत सगळ्यांनी मिळून पाहिली. चुलत्याची जोडी पहिली आली, आणि साहेब आबांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून गेले.

दुपारी कंपनीचा फोन आला, की कराराची मेल श्रद्धाच्या नावाने पाठवली आहे, संध्याकाळपर्यंत होकार कळवा. मेल काही दिसेना. श्रद्धाने शोधलं तर पेटीने ती वाटेतच धरून ठेवलेली! अनोळखी कंपनी, भलीमोठी फाइल, जाऊ देत नाही म्हणे. अख्ख्या ऑफिसात पेटीने प्रामाणिकपणे अडवलं ते हे एकच टपाल. दारात आबा, त्यांच्यामागे रुपाली, आकाश, चिक्कीसकट पप्पू. "आली का? आली का?" एका टपालापुरती वाट कशी उघडायची, हे गौरवने शिकवलं नव्हतं, आणि त्याचा फोन लागत नव्हता. श्रद्धाने 'स्थानिक' उघडली आणि शेवटी स्वतःचं नाव घातलं.

मेल धावत आली. पास! ऑफिसच्या शिस्तीचं खास कौतुक केलं होतं. आबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, आजपास्नं श्रद्धा मॅनेजर. चिक्की वाटली गेली. श्रद्धाने आईला फोन केला. मग ती त्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची जरा करकरत होती, पण आपली होती.

तेवढ्यात आबांच्या केबिनमधून हाक आली.

"मॅनेजरबाई! त्या परदेशवारीवाल्यांची मेल पुन्यांदा आलीया. म्या उघडलीया. आता फुडं काय दाबू?"

श्रद्धाने पेटीकडे पाहिलं. कुंकवाखालचे चारही दिवे हिरवेगार होते. मेल आबांच्या नावावर आली होती, त्यामुळे तिला कुणी थांबवलं नव्हतं.