चौथी भाषा

दोन हजार बावीस सालचा उन्हाळा होता. माझी नात शिवांगी विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन लातूरला घरी आली होती आणि हैदराबादच्या एका ठिबकच्या कंपनीसाठी बायोडाटा लिहीत होती. लिहिता लिहिता तिनं वाचून दाखवलं, "भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी, तेलुगू."

"तेलुगू कधी शिकलीस गं?"

"तू हायेस की घरात."

"माझे गुडघेबी हायेत घरात. तेबी लिव्ह."

"आज्जी, माझ्या वर्गातल्या वीरभद्रनं जर्मन लिहिलंय. त्याला नुसतं नमस्कार म्हणता येतंय." मग जवळ सरकून म्हणाली, "त्यांना तेलंगणातल्या शेतकऱ्यांशी बोलणारं माणूस पाहिजे. मला ही नोकरी लई पाहिजे गं. शिकव ना."

माझं माहेर देगलूरच्या पलीकडं, अगदी शिवेवर. आई घरात तेलुगूच बोलायची. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ही कडकड आमच्यात चालायची न्हाई." पुढं ती भाषा उरली फक्त माझ्या भावाशी, रेवणप्पाशी बोलायला. तोही गेला.

मग रोज संध्याकाळी गच्चीवर चटई टाकून आम्ही ज्वारी निवडत बसायचो. "इटु रा" म्हणजे इकडं ये. "अन्नम तिन्नावा" म्हणजे जेवलीस का. "बंगारम" म्हणजे माझं सोनं, "निद्रपो" म्हणजे झोप आता. तिचे उच्चार ऐकून मी हसायची, दुरुस्त करून म्हणायची, आणि माझ्याच तोंडून मला आईचा आवाज ऐकू यायचा. ज्वारी संपत आली की निवडलेलीच पसाभर मी पुन्हा सुपात ओढायची.

मुलाखत मोबाइलवर झाली, स्पीकर लावून. मी दाराशी बसले होते. पलीकडच्या बाईंनी तेलुगूत काहीतरी विचारलं. शेतकऱ्याचं काहीतरी बंद पडलंय, एवढंच मला कळलं. माझ्या माहेरी तेव्हा मोटा होत्या. फिल्टर अन् व्हॉल्व्हला तेलुगूत काय म्हणतात, मला कुठं ठाऊक? शिवांगीनं माझ्याकडं पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"मॅडम," ती हिंदीत म्हणाली, "मी खोटं लिहिलंय. मला तेलुगू येत नाही. लेकराला जेवू घालायला आणि झोपवायला लागते, तेवढीच येते. ती आज्जीची आहे."

बाई हसल्या. "तेवढी तरी बोला."

"अन्नम तिन्नावा, बंगारम? निद्रपो."

"उच्चार चांगला आहे," बाई म्हणाल्या. नोकरी मात्र दिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चटई टाकली, सूप घेतलं. शिवांगी वर आली नाही. हाक मारली तर खालूनच म्हणाली, "आता कशाला आज्जी? काढून टाकली ती ओळ."

"बरं केलंस," मी म्हणाले. खरंच बरं केलं होतं तिनं. तरी सूप मांडीवर घेऊन मी अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

वीरभद्र त्या जर्मनसकट पुण्याला नोकरीला लागला. त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही. शिवांगीला दिवाळीनंतर संभाजीनगरला नोकरी मिळाली, तीन भाषांवर. रविवारी फोन करते, "जेवलीस का आज्जी?" म्हणून विचारते, मराठीत. गच्चीवर एक मांजर येऊन बसते हल्ली. तिला मी "इटु रा" म्हणते. येते ती.