दीड किलोमीटर

लाल झेंडी धरलेल्या माणसानं हात आडवा केला, तसे सासऱ्यांनी ब्रेक दाबले आणि मागून येणारी सून त्यांच्या कॅरिअरवर आदळता आदळता वाचली.

"वरचा घाट बंद," झेंडीवाला म्हणाला. "सकाळी दरड आलीय. चार दिवस तरी उघडत नाही."

सासऱ्यांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला आणि उगाचच वाचला. वीज कंपनीत तेहतीस वर्षं लाइनमन होते ते. कागदावर उतरवल्याशिवाय कुठलं काम करत नसत. तीन दिवसांच्या या सायकलप्रवासाचं वेळापत्रकही त्यांनीच आखलं होतं आणि कालपासून त्यावर काट मारण्यातच त्यांचा वेळ जात होता. पहिली काट तिच्या नवऱ्यावर. काल जेवणातलं काहीतरी बाधलं म्हणून आज सकाळी तो आपली सायकल बसच्या टपावर टाकून डोंगरापलीकडच्या गावी पुढे गेला होता. मागे उरली ही दोघं. आठ वर्षं एका घरात राहत होती, पण इतका वेळ एकमेकांबरोबर एकटी कधीच नव्हती.

"मग आता?" तिनं विचारलं.

"बोगदा आहे ना खाली. दीड किलोमीटर. गाड्या तिथूनच जातात. आत दिवे नाहीत तेवढे, जपून जा."

"मागे फिरू," सासरे लगेच म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मागे म्हणजे अडतीस किलोमीटर, त्यातला निम्मा चढ. तीन वाजून गेले होते. ढग डोंगराच्या खांद्यावरून खाली उतरत होते आणि तिच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या.

"बाबा, भर वादळात खांबावर चढायचात तुम्ही," ती हसत म्हणाली. "बोगद्याला काय घाबरायचं?"

ते हसले नाहीत. कागद तसाच खिशात कोंबला, हेल्मेटचा पट्टा ओढला आणि सायकल बोगद्याच्या रस्त्याला लावली.

तोंडापाशीच थंड हवेचा झोत अंगावर आला. आत ओल्या दगडाचा आणि डिझेलचा वास होता. पहिले शंभरेक मीटर मागून येणारा उजेड पुरला. मग तोही संपला. तिच्या दिव्याचा पिवळा ठिपका रस्त्यावर लटपटत पुढे चालला. डावीकडे वीतभर रुंदीचं उघडं गटार होतं, त्याला लागूनच पाझरणारी भिंत. मागून काहीतरी येत असल्याचा आवाज होता, पण ते किती लांब आहे हे कळायला मार्ग नव्हता. बोगद्यात सगळेच आवाज एकदम अंगाशी आल्यासारखे वाटत होते.

सासऱ्यांची सायकल हळू झाली. मग रस्त्याच्या मध्याकडे कलली.

"बाबा, डावीकडे!"

त्यांनी हॅन्डल वळवलं, ते जास्तच. चाक गटाराच्या कडेला घासलं. समोरून एका ट्रकचे दिवे वळणावर उजळले, त्या झगझगाटात ते दोन्ही पाय टेकून उभे दिसले, चेहरा भिंतीकडे, एक हात हवेत काहीतरी शोधत असलेला. तिनं सायकल टाकली, धावत जाऊन त्यांना दंडाला धरलं आणि भिंतीशी ओढलं. ट्रक गेला. पाठोपाठ मागून दुसरा, अगदी खेटून. त्याच्या ताडपत्रीचा सुटलेला दोर सपकन तिच्या खांद्यावर बसला.

"काय झालं? चक्कर आली?"

"नाही." त्यांचा श्वास लागला होता. "मला दिसत नाही."

"म्हणजे?"

"अंधारात दिसत नाही मला. काहीच नाही. तू कुठे उभी आहेस तेही नाही."

 मघाचं आपलं हसणं तिला आठवलं. मागून आणखी एक आवाज वाढत होता. परत जावं तर किती आत आलो हे माहीत नाही, पुढे जावं तर किती उरलंय ते माहीत नाही. इथं उभं राहणं तर सगळ्यात वाईट. तिनं आपली सायकल उचलून आणली. मागचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. तो चालू आहे ना, हे तिनं दोनदा पाहिलं.

"चालत जाऊ. सायकली रस्त्याच्या बाजूला, आपण भिंतीकडून. उजव्या हातात तुमची सायकल, डाव्यानं माझं कॅरिअर धरा. काही झालं तरी सोडायचं नाही."

"तू जा पुढे. कोणाला तरी घेऊन ये."

"कॅरिअर धरा, बाबा."

त्यांनी धरलं. सायकल किंचित मागे ओढली गेली, त्यावरून तिला ते समजलं.  

ती बोलू लागली. लॅबमध्ये रक्त घेताना ती हेच करायची. सुईकडे बघणाऱ्या माणसाला काहीबाही विचारत राहायची. इथं विचारण्यासारखं काही सुचेना, म्हणून सांगत सुटली. पहिल्याच दिवशी पेशंटऐवजी आपणच कशा घेरी येऊन पडलो. एका पैलवानानं सुई बघून आईला कशी हाक मारली. घरात जेवताना ती सासऱ्यांशी चार वाक्यं बोलत असेल. इथं तिचं तोंड थांबत नव्हतं.

"गटार आलंय जवळ, जरा उजवीकडे. हं. पाणी आहे, घसरेल. गाडी येतेय मागून, भिंतीला टेका."

ते टेकायचे. गाडी कानाशी गर्जून जायची. ती मनात दोन अंक मोजायची आणि म्हणायची, "गेली. चला."

"पैलवानाचं पुढे काय झालं?" एकदा अंधारातून त्यांनी विचारलं.

शेवटी एका वळणानंतर पांढरा ठिपका दिसला. तिनं तो त्यांना सांगितला नाही, कारण तो जवळ येतोय याची तिला खात्री नव्हती. ठिपका दारासारखा मोठा झाला तेव्हा मात्र मागचं ओझं एकदम हलकं झालं.

बाहेर येऊन त्यांनी सायकल आडवी टाकली आणि कठड्यावर बसले.  ती रस्त्यातच खाली बसली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. उजेडात सगळं दिसतं गं, अगदी तारेवरचा पक्षी दिसतो. सांगितलं असतं तर सायकल काढून घेतली असतीत तुम्ही."

ती मान हलवणार, तोच तिला मुलगी आठवली. सहा वर्षांची. नृत्याचा क्लास साडेसातला सुटतो. स्वतः तिला लॅबमधून यायला आठ वाजतात, म्हणून रोज आजोबाच स्कूटरवरून लेकीला घेऊन येतात. साडेसातला. अंधारात. बोगद्यात वाटली नव्हती इतकी भीती तिला आता वाटली. 

सासऱ्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदा समोरच्या गाडीचे दिवे अंगावर येऊन काही दिसेनासं झालं त्याच दिवशी ठरवलं. स्कूटर कोपऱ्यावरच्या गॅरेजात ठेवतो. जाताना-येताना चालत. फुटपाथवरून, दिव्यांच्या बाजूनं. तिला सांगितलंय, आजोबांना पोट कमी करायचंय."

 घरी यायला उशीर होतो म्हणून तिनं कितीदा कुरकुर केली होती. पोरीच्या चपला दोन महिन्यांत झिजतात म्हणून दुकानदाराशी भांडून आली होती. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

फोन वाजला. नवरा होता.

"कुठे आहात? घाट बंद झाला म्हणे!"

"बोगद्यातून आलो." पुढे बावीस किलोमीटर उतार होता आणि दरीतला उजेड आताच मंदावत होता. "ऐक, टेम्पो घेऊन ये ना कुणाचा तरी. माझा गुडघा धरलाय."

"तुझा? आणि बाबा?"

"बाबांना काय झालंय? मजेत आहेत."

सासरे उठून तिच्याजवळ आले. गुडघे टेकून खाली बसले आणि फोन घ्यायला हात पुढे केला. तिनं मान हलवून नको म्हटलं. हात तसाच राहिला. तिनं फोन दिला.

"तिचा गुडघा ठणठणीत आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "माझ्यासाठी ये. मला अंधारात दिसत नाही."

 त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उभा आहेस का? मग आधी बस कुठेतरी," ते म्हणाले. "सांगतो."