थोरलीची शेवटची पोच

सकाळी इंधन संपलं तेव्हा थोरलीच्या कक्षेची एक बाजू वर गेली होती, दुसरी जेमतेम. पडद्यावर गोल दिसायला हवं तिथे अंड्यासारखं लांबट काहीतरी होतं. नियंत्रण कक्षात ताईंनी आकडे पुन्हा तपासले.

थोरली म्हणजे या खोलीतून सांभाळलेला पहिला उपग्रह. ताईंचे केस काळे होते तेव्हापासून ती त्यांच्याकडे. पाळी बदलताना इथे एवढंच विचारत, "थोरली जागी?" आता तिला धाकट्या उपग्रहांच्या वाटेपासून दूर, वरच्या कक्षेत कायमचं सोडून द्यायचं होतं. पण लांबट कक्षा सूर्यचंद्राच्या ओढीनं वर्षागणिक ताणत जाते. चाळीसेक वर्षांत ही परत खालच्या वाटेवर येईल, असं कक्षांचं गणित मांडणाऱ्या हिशेबवाल्यानं मान वर न करताच सांगितलं.

टाकीत इंधन ढकलणारा थोडा वायू उरला होता. तो संध्याकाळी, कक्षेच्या पलीकडच्या टोकाला सोडला तर त्या धक्क्यानं कक्षा जरा गोल झाली असती. पण मध्ये पृथ्वीची सावली होती आणि बॅटरी म्हातारी. सावलीत ती बंद पडली तर वायू कोंडून राहणार, आणि कधीतरी टाकी फुटून तुकडे सगळ्यांच्या वाटेत. साहेबांचं म्हणणं, आत्ताच सोडा आणि मोकळ्या व्हा.

"चाळीस वर्षांनी जाब विचारायला कोणी आलंच, तर त्याला वरच यावं लागेल आपल्याकडे."

ताई हसल्या नाहीत. "आपण सुटू हो साहेब. त्या वाटेवर तेव्हाही कुणीतरी असेलच ना."

साहेबांनी पडद्यावरची लांबट कक्षा पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "थांबू या. पण बॅटरी तुम्ही सांभाळायची."

सावलीआधी ताईंनी तिचं एकेक यंत्र बंद केलं, शेवटी बोलणंही. पडद्यावरची तिच्या संदेशांची रेघ सपाट झाली. ताईंचा जेवणाचा डबा तसाच राहिला. हात मांडीवर जोडलेले. सावली सरल्यावर त्यांनी हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. मग केव्हातरी रेघ जराशी थरथरली.

संध्याकाळी वायू सुटला.

"शंभर वर्षं तरी येत नाही ही," हिशेबवाला म्हणाला. "बहुधा."

त्याहून जास्त द्यायला थोरलीकडे काही उरलं नव्हतं.

राहिली शेवटची आज्ञा, कायमचं गप्प होण्याची. आजवर प्रत्येक आज्ञेची पोच आली होती. या आज्ञेची येत नसते. ताईंना ते ठाऊक होतं. तरी आज्ञा पाठवून त्या हेडफोन लावून बसल्या होत्या.

पुढच्या पाळीचा सोबती आला, सवयीनं "थोरली जागी?" म्हणून गेला आणि ओशाळला. हेडफोनसाठी पुढे केलेला त्याचा हात तसाच राहिला. ताईंनी हेडफोन पदरानं पुसला, वायर नीट गुंडाळली आणि खणात ठेवून दिला.