अर्ध्या इंचाने खोटा

मित्रांनो, मी शिंपीकामातला एक जुना फर्मा आहे. मी सांगेन ते सगळं लगेच खरं मानू नका, कारण मला कापलंच मुळी खोटं बोलण्यासाठी.

फर्मा म्हणजे काय, ते आधी सांगतो. कापड कापण्याआधी त्यावर एक नमुना ठेवतात आणि त्याच्या कडेने खडूची रेघ मारतात. तो नमुना म्हणजे फर्मा. मी छत्तीस मापाच्या, चार टक्सच्या, म्हणजे चार शिवलेल्या चुण्यांच्या, ब्लाउजचा पुढचा भाग आहे. माझे भाऊबंद खाकी कागदाचे असतात. मी मात्र एक्स-रेच्या फिल्मचा आहे, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांसारखा मीही दवाखान्यातच जन्मलो.

इंदापुरात राजमहंमद यांचं हमरस्त्यावर ताडपत्रीचं दुकान आहे. एकदा ट्रकवर ताडपत्री बांधताना ते खाली आले. बारामतीच्या एका दवाखान्यात त्यांच्या छातीचा एक्स-रे काढला. बरगड्या शाबूत निघाल्या. "शाबूत हायेत तर मग दुखतंय कुठनं?" असं त्यांनी डॉक्टरांना तीनदा विचारलं आणि तिसऱ्या उत्तरानंतरही मान हलवली नाही. घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, फरिदाने, ती फिल्म बोटांत वाकवून पाहिली. "कागद फाटतो, पुठ्ठा चुरगळतो. ह्याला काय होत न्हाय," ती म्हणाली आणि कात्री उचलली. त्यामुळे आजही मला उजेडात धरलं की माझ्या पोटात राजमहंमद यांच्या बरगड्या दिसतात.

आता माझ्या खोटेपणाबद्दल. फरिदाचं घराच्याच पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान आहे. तिथे सिंधुबाई नावाची मदतनीस होती. दोन वर्षं ती हुक लावत होती, काजं करत होती. एका बाजाराच्या दिवशी फरिदा बाहेर गेली असताना सिंधुबाईने खाकी फर्मा वर्तमानपत्रावर उतरवून घेतला आणि महिन्याभरात समोरच्याच गाळ्यात दुकान थाटलं. फरिदा भांडली नाही. तिने मला कापलं. कापताना मुंढ्याची, म्हणजे हात घालायच्या जागेची, गोलाई मुद्दाम अर्धा इंच कमी ठेवली. ती स्वतः कापड कापायची तेव्हा मुंढ्यापाशी आल्यावर खडू अर्धा इंच आत सरकवायची. पाहणाऱ्याला ती हाताची लकब वाटायची. माझ्यावरून दुसऱ्या कोणी चोरून कापलं, तर ब्लाउज हँगरवर छान दिसला असता. अंगात घालून हात वर केला की काखेत काचला असता.

सतरा वर्षं मी दाराकडे तोंड करून खिळ्याला लटकलो. लांबच्या निरवांगी गावापासून बायका यायच्या. "फिटिंग फकस्त फरिदाभाभीचं," असं म्हणायच्या. ती स्तुती ऐकताना मला अवघडल्यासारखं व्हायचं, कारण त्या फिटिंगमध्ये माझा वाटा अर्ध्या इंचाने कमी होता. दारातून येणारी प्रत्येक बाई आधी फरिदाकडे बघते की माझ्याकडे, यावर मी नजर ठेवायचो. पुढे बाजारात तयार ब्लाउज आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. तरी नजर ठेवायचं काम चालूच होतं.

फक्त एका माणसावर मी कधी नजर ठेवली नाही. ती म्हणजे फरिदाची लेक नसरीन.

नसरीन बारामतीला बी.कॉम. झाली आणि तौसिफशी लग्न होऊन मस्कतला गेली. तौसिफ तिथे एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. तो सकाळी सहाला जातो. मग चौथ्या मजल्यावर दिवसभर नसरीन आणि फ्रिजचा आवाज. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, त्यामुळे बाहेर नोकरी करता येत नव्हती. तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, 'परदेशात राहणाऱ्या महिलांसाठी घरबसल्या कमाईचे दहा मार्ग'. पत्ते टाइप करा, जाहिराती बघा, प्रश्नावल्या भरा, कोणाच्या तरी बांगड्या कोणाला तरी विका. ते दहा मार्ग सांगणारी बाई स्वतः अकराव्या मार्गाने कमावत होती, तो म्हणजे दहा मार्ग सांगायचा.

हे सगळं मी फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं. फरिदा मोबाइल मशीनला टेकवून ठेवायची आणि शिवता शिवता बोलायची.

"घरबसल्या पैसं देणारा माणूस मला अजून इंदापुरात भेटला न्हाय," राजमहंमद मागून म्हणाले. "मस्कतला कुठनं उगवला?"

"अब्बा, आधी पैसं भरायला सांगतात त्या वाटेला मी जातच न्हाय."

"मग कुठल्या वाटेला जातीस?"

नसरीन हसली आणि तिने हवेचा विषय काढला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

ईदला ती माहेरी आली. एका दुपारी फरिदा बाजारात गेली होती. नसरीनने मला खिळ्यावरून काढलं, खिडकीच्या काचेला लावलं, शेजारी स्टीलची पट्टी धरली आणि चार फोटो काढले. पाठीचा भाग आणि बाही तिला तोंडपाठ होती. पुढच्या भागाला मात्र अम्मीने तिला कधी हात लावू दिला नव्हता. तिने मला पुसून, आधी होतो तसंच परत टांगलं. घरातली पोर, तिच्यावर कोण संशय घेणार? मी खिळ्यावर गप्प राहिलो.

मित्रांनो, पुढे सगळं कळल्यावर सरळ सांगायचं तर तिने हुशारीच केली होती. परदेशातल्या मराठी बायकांच्या बॅगेत साड्या असतात, पण जवळ शिंपी नसतो. नसरीन दर रविवारी व्हिडिओवर ब्लाउज शिकवू लागली आणि सोबत माझा नमुना जिच्या तिच्या मापाला लहानमोठा करून छापायला देऊ लागली. तिथल्या कायद्यात हे बसतं का, ते तिने कचेरीत जाऊन विचारलं. बँकेत विचारलं. तौसिफला विचारलं. फक्त आईला विचारलं नाही. आईच्या नजरेस पडू नये म्हणून वर्गात ती चेहराही दाखवायची नाही. पडद्यावर नुसते हात आणि कात्री. बघता बघता चाळीस बायका झाल्या.

मग एके दिवशी निरवांगीच्या दगडाबाई दुकानात आल्या. त्यांचा ऊस आहे, गाई आहेत, आणि जर्मनीत सून आहे.

"भाभी, ह्ये बघ जरा," त्या मोबाइल पुढे करत म्हणाल्या. "आमच्या स्वरूपानं शिवला. कुण्या बाईकडं ऑनलाइन शिकली. दिसाया कसा झ्याक हाय! पण हात वर हुईना. तिथल्या मंडळात गणपतीला ओवाळाया गेली, तर काखेत टरकला की गं."

फरिदाने दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"मुंढा," ती म्हणाली. "पुढचा. अर्धा इंच."

"फोटोवरनं कळलं व्हय तुला?"

"कळलं."

"फसिवत्यात बघ ह्या बाया. तोंड दाखवाया नको, नुसतं हात दाखवत्यात. आन् त्या नमुन्यावर कसल्या कसल्या रेघा हायेत. पयल्या बारीला स्वरूपानं त्या रेघांवरच टक्स घातलं!"

दगडाबाईंनी तो नमुना उघडून दाखवला. फरिदाने पाहिला आणि आपल्या नवऱ्याच्या बरगड्या ओळखल्या.

दगडाबाई गेल्या तरी मशीन चालू झालं नाही. फरिदा माझ्यासमोर उभी राहून मला निरखत होती. मग तिने फोन लावला.

"किती जणींना विकलास माझा फर्मा?"

पलीकडे फ्रिज ऐकू येत होता. मग नसरीनला रडू फुटलं. "चाळीस. अम्मी, सगळ्यांचं काखेत काचतंय. काय चुकलं मला कळत न्हाय गं. मी शंभरदा मोजलं. त्या म्हणतात, तोंड लपवून शिकवणारी अशीच निघणार. मी बंद करते. सगळ्यांचे पैसे देते परत आन् गप बसते हितं."

"मला इचारलं असतंस तर?"

"तू दिला असतास?"

"न्हाय," फरिदा म्हणाली. ती खोटं बोलत नाही. ते काम तिने माझ्याकडे दिलेलं होतं.

राजमहंमद दारात उभे होते. "मी म्हणलं व्हतं, त्या ऑनलाइनमधी फसवणूक हाय," ते म्हणाले. "करणारी आपलीच पोरगी निघंल, असं न्हवतं म्हणलं."

"पोरीनं न्हाय केली," फरिदा म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतरचे तीन दिवस फरिदा पुन्हा पुन्हा समोरच्या गाळ्याकडे बघत राहिली. सिंधुबाईचा बोर्ड अजून तिथेच आहे. पडद्यावर एकदा सांगितलेलं खरं माप चाळीस जणींपुरतं राहत नाही, समोरच्या गाळ्यातही पोचतं, एवढं तिला कळत होतं. आणि गप्प राहिलं, तर लेक चौथ्या मजल्यावर फ्रिज ऐकत बसणार, तेही फसवी ठरून.

शनिवारी तिने नसरीनला एकच वाक्य पाठवलं, 'उद्या मी बसते वर्गाला.'

रविवारी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला. पडद्यावर लहान लहान चौकोनांत बायका दिसल्या. एका चौकोनात नसरीन होती, आज चेहऱ्यासकट. फरिदाने पदर सावरला.

"ज्यांचा काचतोय त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. बायका तेच ब्लाउज घालून बसल्या होत्या.

"आलं ध्यानात," फरिदा म्हणाली. "आता ऐका. मी हिची आई. फर्मा माझा हाय. त्यो चुकीचा हाय, आन् मी त्यो मुद्दाम चुकवलाय. हिला म्हाईत न्हवतं. हिनं बरोबर शिकवलं. खोटी मी."

मग जर्मनीहून स्वरूपाने भीत भीत विचारलं, "पण काकू, मुद्दाम का?"

"न इचारता घेऊन जाणाऱ्यांसाठी," फरिदा म्हणाली. पडद्यावर नसरीनची मान खाली गेली. फरिदाला ते दिसलं. "पर तुमी तर इचारून, पैसं मोजून घेतलाय. म्हणून तुमाला खरा मिळंल."

तिने मला पाटावर ठेवलं. खडू नेहमीच्या ठिकाणी आत सरकला. या वेळी मात्र खडूमागून कात्री माझ्याच अंगावर आली. चंद्रकोरीसारखी एक काळी पट्टी खाली पडली. राजमहंमद यांनी ती उचलून उजेडात धरली.

"ह्यात माझी बरगडी हाय का गं?"

"अर्धी," फरिदा म्हणाली. "बसा गप."

मित्रांनो, वयाच्या सतराव्या वर्षी मी खरा झालो. अंगातला अर्ध्या इंचाचा खोटेपणा गेल्यावर कसं वाटतं, ते तुम्हाला सांगता येणार नाही. थोडं हलकं वाटतं आणि थोडी भीतीही वाटते. आता कोणीही मला उतरवून घेतलं, तरी ब्लाउज बरोबरच येणार. पुढच्या आठवड्यात बायकांचे फोटो आले, दोन्ही हात वर केलेले. पोलिसांनी पकडल्यासारख्या उभ्या होत्या सगळ्या, पण हसत होत्या. फरिदाने एकेक फोटो मोठा करून पाहिला आणि चाळीसांत सव्वीस जणींच्या शिलाईत खोट काढली. नसरीनने ती यादी वर्गात जशीच्या तशी वाचून दाखवली. तिचा वर्ग चालू राहिला.

परवा तिचा फोन आला.

"अम्मी, पुढच्या महिन्यात कुर्ती शिकवायची म्हणते. कुर्तीचा फर्मा देशील का?" मग जरा थांबून, "आन् तो बरोबर हाय का?"

फरिदाने खिळ्याकडे पाहिलं.

"इचारलंस म्हणून सांगते," ती म्हणाली. "न्हाय. पाऊण इंच, कमरंत. लिहून घे."

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी वर्षानुवर्षं हाताने जपलेली एखादी वस्तू असेल. मसाल्याची वही असेल, रांगोळीचा कागद असेल, नाहीतर माझ्यासारखा एखादा फर्मा. तिचा फोटो काढायला पळभर लागतो आणि तो जगभर पोचायला त्याहून कमी. पण ती वस्तू जिने घडवली तिला आधी विचारा. ती नाही म्हणेल, तरी विचारा. कारण फोटोत वस्तू येते, घडवणारीचा हात येत नाही.

माझ्या मागे सलवारीचा फर्मा टांगलेला आहे. त्याच्याबद्दल नसरीनने अजून विचारलेलं नाही. आणि तो आपणहून काही सांगणाऱ्यातला नाही.