चव्वेचाळिसावी आयत

हिरव्या पडद्यापुढे उभा राहून तो माणूस दोन कुराणं फडकवत होता. एक मोरोक्कोत छापलेलं, एक कैरोत. "शब्द वेगळे आहेत! चौदाशे वर्षं दडवलेलं सत्य!" कैरोची प्रत त्याने उलटी धरली होती. असल्याला सत्य सापडलं आणि फोनवर ते बघून माझ्या भाचीने, इदिलने, कुराणाचं पाठांतर सोडलं.

सतरा वर्षांची पोर. आम्हा सोमालींकडे पाठांतर शेवटाकडून सुरुवातीकडे येतं. तिची पहिली पंधरा पानं तेवढी उरली होती. शनिवारी तिला शिकवणाऱ्या दहबो आजीपुढे ती म्हणून दाखवली की संपलं.

"मावशी, बदललेलं कशाला पाठ करू?" माझ्या दुकानात स्कार्फच्या घड्या घालताना तिने विचारलं. मला काय सांगता येणार? मी वाचायला शिकले तीच मुळी मिनियापोलिसच्या बसच्या पाट्यांवरून.

मशिदीच्या कमिटीने उत्तर द्यायला डॉक्टर गुलेद आणले. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटतात, रविवारी धर्म वाचवतात. भिंतीवर त्रेसष्ट चित्रं दाखवली. दर तिसऱ्या वाक्याला टेबलावर मूठ. "एक अक्षर नाही! एक टिंब नाही!" लोकांचं अर्धं लक्ष सांबुशांच्या, म्हणजे आमच्या समोशांच्या, वासाकडे.

इदिल उठली. "पण डॉक्टर, मोरोक्कोच्या प्रतीत शब्द वेगळे आहेत, ते?"

"बनावट प्रत! शत्रूंनी छापलेली. आणि बाळ, असले प्रश्न सैतान सुचवतो."

टाळ्या पडल्या. इदिलने पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या कानात म्हणाली, "बघ. ह्यालाही माहीत नाही."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून दहबो आजी म्हणाली, "झालं भाषण? मग सुबअ करू."

सुबअ म्हणजे गोल बसायचं आणि एकेकाने पुढची पुढची आयत, म्हणजे कुराणातली ओळ, तोंडपाठ म्हणायची. चुकला की सगळे तुटून पडतात. आजीने रहमानचा अध्याय घेतला, स्वतःसकट आठ जण बसवले, त्यांत डॉक्टरांना कोपराला धरून बसवलं. बायकांनी पुरुषांत म्हणायचं म्हटल्यावर दोन दाढीवाले चुळबुळले. दोघांचे कान आजीने लहानपणी पिळलेले होते. मांडी घालून बसले.

इदिल दाराशी थांबली. तिच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा मी मुद्दामच धरून ठेवला होता.

फेरी छान चालली. बाविसावी आयत आजीकडे आली. समुद्रातल्या मोत्या-पोवळ्यांची. तिने म्हटली आणि डॉक्टर खूश झाले. "चुकलात आजी! 'निघतात' आहे, तुम्ही 'काढले जातात' म्हणालात."

"चुकले नाही. वडिलांनी मला लाकडी पाटीवर असंच शिकवलं. त्यांना बार्धेरे गावात त्यांच्या उस्तादांनी, त्यांना त्यांच्या. नावं सांगत बसले तर संध्याकाळ होईल. तुमचं वाचन मी नंतर नैरोबीत शिकले. दोन्ही वाचनं पैगंबरांपासूनच तोंडातोंडी आलीत. मोरोक्कोच्या त्या प्रतीतही माझाच शब्द आहे, डॉक्टरसाहेब. मग माझे वडील बनावट का?"

"तसं नाही, म्हणजे..."

"त्या हिरव्या पडद्यावाल्याला काय मोठं गुपित सापडलंय! आम्ही ते पाटीवर लिहून रोज धुवायचो. तो एक अडाणी. पण तुम्ही आमचे असून हे पोरीला सांगायला लाजलात. असू दे. पुढे चला."

रहमानमध्ये एकच ओळ, माणसांना आणि जिनांना उद्देशून, एकतीस वेळा येते: तुम्ही दोघं आपल्या पालनकर्त्याची कुठली कुठली देणगी नाकाराल? पुढच्या दोन्ही फेऱ्यांत डॉक्टरांच्या वाट्याला नेमकी तीच आली. रुबाबात म्हटली. एक आड एक येते असा हिशोब त्यांनी मनात बांधला असणार. पण नरकाच्या वर्णनात दोन वेगळ्या आयती लागोपाठ आहेत, तिथे हिशोब मोडतो. चव्वेचाळिसावी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी पुन्हा तीच ओळ ठोकून दिली.

सगळे तुटून पडलेच. पण पहिला आवाज दाराकडून आला. इदिलचा. खणखणीत, खरी चव्वेचाळिसावी. म्हणून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. ज्याच्यावर विश्वास नाही असं दोन आठवडे सांगत होती, ते चुकीचं म्हटलेलं तिला एक क्षणही सोसलं नव्हतं.

"बघा," आजी म्हणाली, "एकाने एक ओळ बदलली, तर दाराशी उभी पोरसुद्धा ओरडली. डॉक्टर, सरका जरा. तिला बसू द्या."

डॉक्टर सरकले. भिंतीवर त्यांचं शेवटचं चित्र तसंच लखलखत होतं.

"आजी, दोन वाचनं आहेत हे आधी का नाही सांगितलंस?" बसता बसता इदिल भांडली.

"एक पुरं केल्यावर दुसरं शिकवते मी. तू पुरं कुठे केलंस?"

"शनिवारी किती वाजता येऊ?"

"दहाला. आता म्हण, तुझी पाळी आहे."

पंचेचाळिसावी तीच ओळ होती. कुठली कुठली देणगी नाकाराल? इदिलने ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत, अगदी सावकाश म्हटली.